तिसरी रेघ

१२ फेब्रुवारी २००६, दारव्हा

वहीबाई, माफी असावी. नातीने, म्हणजे दिपालीने, तुला एक जानेवारीला माझ्या हाती दिलं होतं आणि रोज एक पान लिहा म्हणाली होती. आज बेचाळीस दिवस झाले. बेचाळीस पानं कोरी गेली. लिहायचं राहिलं त्याचं कारण आळस नाही, भीती. मला फक्त याद्या लिहिता येतात. पाचवीतून वडिलांनी शाळेतून काढलं आणि लिलावाच्या याद्या लिहायला बसवलं, ते आजपर्यंत. "टेबल, सागवानी, एक पाय हलता." असं लिहायचं असेल तर हात चालतो. मनातलं लिहायचं म्हटलं की पेन थांबतं.

आता लिहायला कारण मिळालं आहे. गावची सहकारी जिनिंग-प्रेसिंग बंद पडून दोन वर्षं झाली. कापूसच येत नाही, सरकी काढायचे रेचे काय चालवणार. सरकारने तिच्यावर अवसायक नेमला आहे, म्हणजे बुडालेल्या संस्थेचं आवरून-सावरून विकणारा साहेब. त्याच्या कार्यालयातून फॉर्म आला. लिलाव करणाऱ्या पेढीने आपला इतिहास लिहून द्यायचा, किती पिढ्यांचा धंदा, पहिला लिलाव कोणता, पुरावा काय. शेवटची तारीख दहा एप्रिल.

इतिहास मी लिहीन कसातरी. पण सातव्या ओळीत विचारलं आहे, पुकारणाऱ्याचं नाव. तिथं मी अजून काही लिहिलेलं नाही.

आमच्या धंद्यात माणसं दोन लागतात. एक पुकारतो, एक यादी धरतो. पुकारणारा "एक" म्हणाला की यादीवाला त्या नगापुढे एक उभी रेघ मारतो. "दोन", दुसरी रेघ. "तीन" म्हटलं, तिसरी रेघ मारली, की माल विकला. मी पन्नास वर्षं रेघा मारल्या. पुकारा माझा नाही. माझा आवाज भांड्यावर चमचा वाजावा तसा आहे.

माझी नोंद अशी: पूनमसिंग, नग एक, वय बहात्तर, चालू. गुडघे दुरुस्तीलायक.

१४ फेब्रुवारी

घरात सांगत आले ते असं. आमचे आजोबा शंकरसिंग एका इंग्रज कंपनीच्या जिनात हमालांवर मुकादम होते. कंपनी उठून गेली तेव्हा साहेबाने त्यांचा आवाज ऐकून त्यांनाच सामान विकायला उभं केलं. साहेब म्हणाला, असा आवाज विलायतेत नाही. त्यांच्यानंतर माझे वडील प्रेमसिंग, त्यांच्यानंतर आम्ही दोघे भाऊ.

पुरावा शोधायला माळ्यावरची पेटी उतरवली. कोर्टाची कामं, दिवाळं निघालेली दुकानं, बंद पडलेल्या तेलघाण्या, सगळ्यांच्या याद्या आहेत. चंदाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, झाडू घेऊन आली.

"लोकायचे घरं विकले जन्मभर, आता ह्या कागदायचा लिलाव करा. रद्दीवाला दारातूनच नेईन."

"इतिहास आहे हा."

"इतिहासाले वाळवी लागली, ते पाहा आधी."

लागली होती, पण कडेलाच. अक्षरं शाबूत आहेत.

१९ फेब्रुवारी

आज अवसायक साहेबांसोबत कारखाना फिरलो. माणूस तरुण आहे, नाकाला रुमाल लावून चालतो. मी यादी केली. रेचे चोवीस, त्यांतले सोळा गंजलेले. प्रेस एक, मोठी, बंद. तोलकाटे तीन. भोंगा एक. शिड्या, पत्र्याची कपाटं, मजुरांच्या पाण्याचे रांजण, हजेरीचा फळा, त्यावर खडूने लिहिलेली शेवटची हजेरी अजून तशीच. एकूण नग दोनशे सोळा.

नागपूरचा एक भंगारवाला साहेबांच्या मागे मागे होता. तो म्हणतो, सगळं एकगठ्ठा द्या, ट्रक लावतो, दोन दिवसांत जागा मोकळी. साहेबांनाही ते बरं वाटतं. मी म्हटलं, "साहेब, शिडी गावात कोणाला लागेल, काटा दुकानदाराला लागेल, रांजण एखाद्या बाईला. नगानग पुकारलं तर गावात राहील. एकगठ्ठा दिलं तर सगळं वितळवायला जाईल."

साहेब म्हणाले, "चालेल. पण दोनशे सोळा नग दिवसभर पुकारणार कोण? तुम्ही?"

माझा आवाज त्यांनी ऐकलाच होता.

"माणूस आहे," मी म्हटलं.

"त्याचं नाव फॉर्मात लिहा. नाव नसेल तर मी एकगठ्ठा देऊन मोकळा होतो."

माणूस आहे हे खोटं नाही. माझा धाकटा भाऊ रामसिंग. पण नऊ वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही.

२० फेब्रुवारी

ते प्रकरण लिहून ठेवतो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट राहील.

सत्त्याण्णव साल, दिग्रस. कोर्टाचा हुकूम होता, एका तेलघाणीवाल्याचं सामान विकायचं. तो तेलघाणीवाला रामसिंगचा सासरा, विमलताईचा बाप. मी रामसिंगला म्हटलं होतं, तू येऊ नको, दुसरा माणूस बघतो. तो म्हणाला, "दुसरा पुकारीन तर माल मातीमोल जाईन. मी पुकारतो." आणि सकाळपासून त्याने एक्केचाळीस नग असे पुकारले की घाण्याच्या लाटेलाही, म्हणजे त्या जुन्या लाकडी दांड्यालाही, चार गिऱ्हाइकं भिडली.

बेचाळिसावा, शेवटचा नग: आरामखुर्ची, वेताची, एक हात सैल. म्हातारा तीतच बसलेला होता.

रामसिंग म्हणाला, "एक." मी रेघ मारली. "दोन." मी रेघ मारली. मग तो थांबला. त्याने वर केलेला हात खाली घेतला आणि मला म्हणाला, "दादा, रेघ मारू नको."

भर लिलावात, बेलिफासमोर. मी म्हटलं, "यादीत आहे." मग मीच "तीन" म्हटलं आणि रेघ मारली. खुर्ची एका हॉटेलवाल्याला गेली. तो बिचारा नेईना, म्हणून मीच म्हटलं, "बाबा, उठा." म्हातारा उठला. आपल्या दुपट्ट्याने त्याने बैठक पुसली आणि मग खुर्ची दिली.

रामसिंग त्याच दिवशी बायकोला घेऊन महागावला गेला. तिथं बियाण्याचं दुकान टाकलं. पुन्हा कधी पुकारा केला नाही.

कायद्याने मी बरोबर होतो. बेलिफही तसंच म्हणाले होते.

२२ फेब्रुवारी

महागावला फोन लावला. विमलताईने उचलला.

"भाऊजी! इतक्या दिवसानं? बरे हात न?"

"बरा आहे. रामसिंगला दे."

"ते इथंच बसले हायेत. सांगा तुमी, ते ऐकून राह्यले."

"ऐकून काय करू? बोलायचं आहे. त्याला दे."

मग तिने रिसीव्हर त्याच्याकडे दिला असावा. मी कारखान्याचं सगळं सांगितलं, साहेब, भंगारवाला, सातवी ओळ. उत्तर नाही. फक्त सायकलच्या पंपातून हवा जावी तसा फस्स आवाज आला. हसला. नऊ वर्षांनी मोठ्या भावाने फोन केला आणि तो हसला.

पुन्हा विमलताई. "भाऊजी, तुमीच या ना एकडाव. हे फोनवर होणारं काम नाई."

"त्याला दोन शब्द बोलायला काय होतं?"

"त्याईनं मले शपथ घातली हाय. मी काय सांगू?"

शपथ घातली! स्वतः बोलत नाही आणि मला काही न सांगायची शपथ त्याने बायकोलाही घातली. मी फोन ठेवला. मी मोठा आहे, मी कशाला जाऊ?

१ मार्च

आज बाजारात महागावचा घनश्याम भेटला. सोयाबीनचा व्यापारी आहे, दोन्हीकडे जाणंयेणं असतं. मी सहज विचारलं असं दाखवून रामसिंगची चौकशी केली.

"दुकान बायकोच पाह्यते आता," तो म्हणाला. "ते तर दर तीन हप्त्यानं नागपूरले जाते. अन् गळ्याले मफलर, उन्हातान्हात बी."

"नागपूरला काय काम?"

घनश्याम माझ्याकडे बघत राहिला. "तुमाले नाई माहीत?"

मला माहीत नाही असं दिसू नये म्हणून मी म्हटलं, "आहे माहीत." तो म्हणाला, "हाव, मंग झालं," आणि विषय बदलला.

घरी येऊन जोडून पाहिलं. दर तीन आठवड्यांनी नागपूर. भंगारवाला नागपूरचा. म्हणजे रामसिंग त्याच्याशी मिळालेला आहे. कारखाना एकगठ्ठा उचलायला तोच रस्ता दाखवत असेल. म्हणून हसला. मफलर बांधून शेठजीसारखा फिरत असेल.

चंदाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं डोस्कं म्हणजे भंगाराचं गोदाम हाय. काहीबी जाऊन पडते त्यात."

५ मार्च

काहीतरी सापडलं आहे. झोप उडेल असं नाही, पण चुटपुट लागली आहे.

पेटीच्या तळाला सगळ्यात जुनी यादी मिळाली. साल एकोणीसशे एकतीस, एवढे आकडे कळतात. बाकी सगळं मोडीत आहे, मला मोडी येत नाही. पण रेघा येतात. प्रत्येक नगापुढे तीन रेघा आहेत. शेवटच्या नगापुढे दोनच.

आधी वाटलं, यादीवाल्याची नजर चुकली. हे मला नवीन नाही. तेरा वर्षांचा असताना वडिलांनी मला पहिलं काम दिलं ते हेच. आजोबांच्या वेळच्या जुन्या मराठी याद्या वाळवीला जायच्या आत नव्या वहीत उतरवायच्या. प्रत्येक यादीत एका तरी नगापुढे तिसरी रेघ राहून गेलेली असायची. मी ती जिथं जिथं राहिली तिथं तिथं मारली. उतरवताना एकही सोडली नाही. वही वडिलांना नेऊन दाखवली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, खूप वेळ बघितली. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

त्यानंतर याद्या माझ्याकडे आल्या. तेव्हापासून आजपर्यंत एकाही यादीत एकही रेघ राहिलेली नाही. ही गोष्ट इतिहासात लिहिण्यासारखी आहे.

पण ही पहिली यादी. हिच्यातही तीच चूक? आजोबांकडे प्रत्येक वेळी वेंधळाच यादीवाला होता काय?

९ मार्च

एसटीने यवतमाळला गेलो. तिथं श्रीकृष्णराव राहतात, भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले. मोडी वाचून देतात. पंख्याखाली बसवलं, चहा दिला, भिंग काढलं.

"पूनमसिंगजी, ही यादी कोणाची म्हणता?"

"इंग्रज कंपनीची. आजोबांनी साहेबाचं सामान विकलं त्याची."

ते वाचायला लागले आणि मधेच थांबले. "यात साहेब कुठं दिसत नाही हो. इथं लिहिलंय, शंकरसिंग वल्द मोहनसिंग, राहणार दारव्हा, धंदा भाड्याच्या बंड्या चालवणे, यांची जंगम मालमत्ता."

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तेच.

माल विकणारे आमचे आजोबा नव्हते. माल आमच्या आजोबांचा होता. त्या साली कापसाचा भाव पडला, बैलगाड्या भरून न्यायला कापूसच नव्हता, आणि त्यांचा लिलाव निघाला. बंड्या चार, जू, शिवळा, घुंगरमाळा, पखाल, तांब्याचा हंडा. मी आमच्या घरचं सामान पंचाहत्तर वर्षांनी परक्याच्या तोंडून ऐकत होतो.

"शेवटी बेलिफाचा शेरा आहे," श्रीकृष्णराव म्हणाले. "मजेदार माणूस दिसतो. ऐका. 'मालास बोली येईना. तेव्हा सदर इसम स्वतः बंडीवर चढून आपल्या मालाचा पुकारा करू लागला. आवाज मोठा. बोली चढली. शेवटच्या नगास दोन म्हणून तो खाली उतरला. तिसरी बोली झाली नाही. कारण विचारले नाही. पुढील मंगळवारी राळेगावी काम आहे, सदर इसमास बोलावले आहे.'"

"शेवटचा नग कोणता?"

"बैल एक, पांढरा, म्हातारा, डावा डोळा अधू."

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळूनही बाहेर पाहिलं नाही. इतिहासात हे लिहायचं कसं? पेढीचा पहिला लिलाव आमचाच झाला, हा पुरावा म्हणून देऊ?

आणि बेलिफाने कारण का विचारलं नाही? मी असतो तर विचारलं असतं.

१३ मार्च

चार दिवस याद्याच बघतो आहे. मी उतरवलेल्या वह्या बाजूला ठेवल्या आणि मूळ कागद काढले. दोन रेघांचे नग शोधून वेगळ्या कागदावर लिहिले. सगळे आजोबांच्या वेळचे, दर यादीत एक.

राळेगाव, चष्मा एक, काच तडकलेली. नेर, शिडी. पुसद, तबला, डग्गा नाही. आर्णी, कुबडी एक. राळेगाव पुन्हा, दगडी पाटी. दारव्हा, शिवणयंत्र, हाताचं, चालू.

एक यादीवाला प्रत्येक वेळी एकदाच चुकतो असं होत नाही. मी स्वतः यादीवाला आहे, मला माहीत आहे. चुकायला लागलं की दहा ठिकाणी चुकतं. मग हे काय? किमतीने लावून पाहिलं, बसत नाही. धातूने लावलं, नाही. चालू-बंद लावलं. सगळे चालू निघाले, तडकलेला चष्मासुद्धा. पण त्यातून काय?

दिपालीला विचारलं. ती कॉमर्सला आहे, तिला असं जुळवता येतं. तिने कागद बघितला आणि म्हणाली, "आजोबा, हे रामसिंग आजोबांना दाखवा ना. तुम्ही जाऊन या महागावला. मी येते सोबत."

"त्याला यादीतलं काय कळतं?"

"यादीसाठी नका जाऊ मग. असेच जा."

तिचं नाक लाल झालं होतं. सर्दी झाली असावी.

१६ मार्च

पुन्हा महागावला फोन. या वेळी मी रागात नव्हतो, निदान सुरुवातीला. विमलताईला सांगितलं, पहिल्या यादीबद्दल त्याला विचारायचं आहे, आजोबांच्या.

"थांबा," ती म्हणाली. "ते पाटीवर लिवून राह्यले. मी वाचून दाखवते."

"पाटीवर? तोंड नाही त्याला?"

तिने मग वाचलं, "'बैलाचं मला आईनं सांगितलं होतं. म्हातारा बैल आजोबांच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता.' असं लिवलं हाय भाऊजी."

म्हणजे रामसिंगला माहीत होतं! आई याद्या वाचत नव्हती, जुन्या गोष्टी सांगत होती, आणि ते त्याच्याजवळ सांगितलं. मी याद्यांत डोकं घालून बसलेला.

पण पाटीवर लिहून बायकोकडून वाचवून घेणं, ही काय तऱ्हा? राजे लोक असा हुकूम देतात.

२१ मार्च

आज दुपारी चंदाबाई तुरीची डाळ निवडत बसली होती. मी कागद घेऊन पुटपुटत होतो, चष्मा, शिडी, तबला, कुबडी.

"काय जप चाललाय?"

सांगितलं. ती सूप हलवतच म्हणाली, "चष्मा कुठं असते?"

"पेटीत. खिशात."

"डोयावर असते. लिलावाच्या दिवशी माणूस चष्मा पेटीत ठेवून बसन काय? बेलिफानं यादी केली तवा तो त्याच्या डोयावरच असन. अन् कुबडी? ते काय भिताडाले टेकवून असते?"

"मग?"

"मंग काय. तीन म्हटलं की काढून घ्या लागते. तुमच्या आजानं नसन म्हटलं तीन."

ती डाळ पाखडत राहिली. मी कागद खाली ठेवला.

शिडीवर कोणी चढलेलं असेल. मशीनवर कोणी शिवत असेल. तबल्यावर कोणाचा हात असेल. यादीत ते लिहीत नाहीत. यादीत नग लिहितात. मी तेरा वर्षांचा असताना त्या सगळ्यांची तिसरी रेघ मारली. वडिलांनी बघितलं, आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले. तेव्हा कोर्टाचे नवे फॉर्म आले होते, रकाने भरावेच लागत. त्यांना वाटलं असेल, बरं झालं, पोराच्या हातून झालं. मी काय सांगू, ते आता नाहीत विचारायला.

आणि खुर्ची.

मला रामसिंगचा हात दिसतो आहे, खाली आलेला. त्याने चूक केली नव्हती. तो आमच्या घरचं काम करत होता, मीच करत नव्हतो.

२४ मार्च

काही लिहवत नाही. गुडघा दुखतो.

अवसायक साहेबांचा माणूस येऊन गेला. भंगारवाल्याने जागा मोजून नेली म्हणे.

२७ मार्च

इतिहास लिहून झाला. इंग्रज साहेब काढून टाकला. पहिला लिलाव, एकोणीसशे एकतीस, माल शंकरसिंग यांचा, पुकारा शंकरसिंग यांचाच, असं खरं ते लिहिलं. श्रीकृष्णरावांनी मोडीचं लिप्यंतर सही करून पाठवलं, ते जोडलं. त्यांनी सोबत चिठ्ठीत लिहिलं आहे, "असा पुरावा कोणत्या पेढीजवळ असेल असे वाटत नाही." मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दिपालीने सगळं टाइप केलं. सातव्या ओळीशी आली आणि माझ्याकडे बघितलं.

"रामसिंग," मी म्हटलं. "पण पेनाने नको. तेवढी ओळ कोरी ठेव, मी पेन्सिलने लिहितो."

"आजोबा..." ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांचं वय झालं आहे. इतकं पुकारणं जमेल का त्यांना?"

"तुला माहीत नाही त्याचा आवाज. दिग्रसला बसस्टँडवर ऐकू यायचा."

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने आली. म्हणाली, "पत्र लिहा. मी स्वतः घेऊन जाते जीपने. तुम्हीही चला."

मी म्हटलं, आधी त्याचं उत्तर येऊ दे. न बोलावता कसं जायचं? नऊ वर्षांपूर्वी मी त्याला थांब म्हटलं नव्हतं.

३० मार्च

पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पाचवा इथं उतरवून ठेवतो. नक्कल जशीच्या तशी आहे, काही दुरुस्त केलेलं नाही.

चि. रामसिंग यास दादाचा आशीर्वाद.

आज पाडवा. हे पत्र दिपाली घेऊन येते आहे. तिच्याजवळ आजोबांच्या पहिल्या यादीची प्रत आहे, ती ठेवून घे. दोन रेघांच्या नगांचा एक कागदही आहे, तो नीट बघ.

दिग्रसच्या खुर्चीची तिसरी रेघ मी मारली ती चूक होती. हे मी बेलिफाला किंवा कोर्टाला नाही, तुला लिहितो आहे. विमलताईलाही सांग. तिच्या वडिलांनी बैठक पुसून दिली होती, ते मला रोज दिसतं असं नाही, पण आता दिसायला लागलं आहे.

भंगारवाल्याबद्दल मी तुझ्यावर संशय घेतला होता. का ते लिहीत नाही, चंदाबाई हसेल. नागपूरला तुझं जे काय काम असेल ते तुझं.

कारखान्यात नग दोनशे सोळा आहेत. लिलाव झाला तर गावातली माणसं येतील, जुनी मजूर माणसंही येतील. हजेरीचा फळा आहे, रांजण आहेत. कोणत्या नगाशी कोण येऊन उभं राहील ते आज सांगता येत नाही. तू दोनावर थांबलास तर मी पेन उचलून धरीन. साहेबांनी विचारलं तर म्हणीन, म्हातारा झालो, रेघ राहून गेली.

दारव्ह्यात लोक अजून तुझा आवाज काढून दाखवतात. न्हावी दाखवतो, पानवाला दाखवतो. त्यांना जमत नाही. माझ्याकडे सगळं आहे, यादी आहे, पुरावा आहे, फॉर्म भरलेला आहे. फक्त तू नाहीस. तू नसशील तर सगळं ट्रकमध्ये जाईल आणि आपली पेढी तिथंच संपेल.

उत्तर पाटीवर लिहून वाचायला लावू नकोस. विमलताईलाही मध्ये घालू नकोस. मोठं काही सांगायलाही नको. तू स्वतः फोन उचल आणि एकच शब्द बोल, हो किंवा नाही. रागावून बोललास तरी चालेल. तुझ्या तोंडून ऐकलं की मी सातव्या ओळीवर पेन फिरवीन.

दहा तारखेपर्यंत वेळ आहे. मी सकाळपासून फोनजवळच बसलेला असतो, जेवायलाही तिथंच बसतो. लवकर कळव.